सासूबाईंच्या वाटची आंघोळ

माझ्या सासूबाई आंघोळ केल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत, आणि मी चहा घेतल्याशिवाय आंघोळीला जात नाही. आमच्या दोघींमधलं भांडण म्हणाल तर एवढंच. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी ते सुरू झालं आणि लेक कॉलेजात गेली तरी मिटलं नव्हतं. आरडाओरडा कधी झाला नाही. मी उठून पारोशीच स्वयंपाकघरात जायचे, गॅसवर आधण ठेवायचे, आणि देवासमोर न्हाऊन-माखून बसलेल्या सासूबाई माझ्याकडे न बघता एक लांब सुस्कारा सोडायच्या. त्या सुस्काऱ्यात काय काय भरलंय ते मला पाठ होतं. मी मुद्दाम खलबत्त्यात आलं जोरात ठेचायचे, म्हणजे सुस्कारा ऐकू यायला नको.

त्या मौद्याकडच्या. शेतीचं घर. पहाटे उठायचं, सडासारवण, मग विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच चुलीला हात लावायचा, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. मी नागपूरच्या महाल भागातली, कारकुनाची मुलगी. आमच्याकडे वडील अंथरुणातच कप मागायचे आणि त्यांना कोणी पापी म्हटल्याचं मला आठवत नाही. सासूबाई मुलाबरोबर नागपुरात, नंदनवनच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, विहिरीच्या जागी गिझर आला, पण नियम तोच राहिला. एकदा तिरुपतीला जाताना गाडीच्या डब्यातलं पाणी संपलं, तर बल्लारशापासून पुढे त्या तशाच कोरड्या बसून राहिल्या. शेवटी माझ्या नवऱ्याने कुठल्याशा स्टेशनवर बाटल्या भरून आणल्या आणि डब्याच्या संडासात त्यांची आंघोळ पार पडली. नवरा ही गोष्ट हसत सांगतो. त्या दिवशी मात्र तो अजिबात हसत नव्हता.

गेल्या पौषात त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. त्यांनी ओवा खाल्ला, गरम पाण्याची पिशवी घेतली, ‘गॅस आहे’ असं स्वतःच ठरवलं आणि आम्हालाही तेच सांगत राहिल्या. दुखणं अचानक थांबलं तेव्हा त्यांना वाटलं, ओव्याने गुण दिला. गुण वगैरे काही नव्हता, अपेंडिक्स फुटलं होतं. संध्याकाळपर्यंत ताप चढला, पोट लाकडासारखं कडक झालं आणि आम्ही त्यांना उचलून दवाखान्यात नेलं.

सर्जन पन्नाशीचे, सडपातळ, बोलणं मोजकं. ऑपरेशन करून बाहेर आले तेव्हा त्यांनी आम्हाला उभ्या उभ्याच समजावलं. अपेंडिक्स काढलं, पोटात पू झाला होता तो धुऊन काढला, आतलं काम नीट झालंय. आता काळजी पोटावरच्या जखमेची. अपेंडिक्स फुटलेलं असलं की टाके पिकण्याची भीती जास्त, आणि यांना तर मधुमेह. जखम पिकली तर टाके काढून ती उघडी ठेवावी लागते, मग महिना-दोन महिने रोजचं ड्रेसिंग, आणि या वयात, या साखरेत ते सोपं नाही. पट्टी कोरडी राहिली पाहिजे, कोणाचा हात लागता कामा नये, साखर ताब्यात हवी आणि तोंडाने खाणं सुरू झालं की पोटभर खाल्लं पाहिजे, कारण जखम भरायला अंगात काहीतरी असावं लागतं. मी मान डोलावली. यात अवघड काय, असं मला वाटलं.

सासूबाई शुद्धीवर आल्या आणि डॉक्टर तपासायला आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याचा नव्हता.

“डॉक्टरसाब, आंघोळ करून कापलं ना मले?”

मला धरणी दुभंगावी असं झालं. डॉक्टर मात्र अजिबात गोंधळले नाहीत. आंघोळ केली होती, वर कोपरापर्यंत हात घासून धुतले ते वेगळे, असं त्यांनी सरळ सांगितलं. सासूबाईंचं समाधान झालं. तेव्हापासून तो माणूस त्यांच्या दृष्टीने घरचा झाला.

पहिले काही दिवस सलाईनवरच गेले. तोंडाने काही द्यायचंच नव्हतं, त्यामुळे आंघोळीचा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नाही. मी माझी सगळी ताकद दारावर लावली होती. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की माणसं भेटायला येतात, आणि आली की नुसती बघून जात नाहीत. पलंगावर बसतात, कपाळावरून हात फिरवतात, पांघरूण सरकवून ‘किती मोठं कापलं, पाहू’ म्हणतात. देवीचा अंगारा आणून तो जखमेवरच लावायचा आग्रह धरतात. मी खोलीच्या दारात खुर्ची टाकली, हातात जंतुनाशकाची बाटली घेतली आणि हात चोळल्याशिवाय कोणाला आत सोडलं नाही. पलंगावर बसू दिलं नाही. अंगारा उशीखाली ठेवला. नवऱ्याच्या चुलत बहिणीने मला ‘चेकनाका’ म्हटलं आणि गावभर सांगितलं की शहराच्या सुनेने आम्हाला हात धुवायला लावले. लावले तर लावले. माझा स्वभाव तसाही गोड नाही, त्याचा एकदा तरी उपयोग झाला.

मग एके सकाळी डॉक्टर म्हणाले, आतडी चालू झालीत, आज चहा-बिस्किट द्या, दुपारी पातळ खिचडी. मी खाली जाऊन बिनसाखरेचा चहा आणला. सासूबाईंनी मान फिरवली. मळमळतंय म्हणाल्या. दुपारी खिचडीलाही तेच, संध्याकाळी गरम पेज आणली तर तिलाही. सिस्टर कावल्या. खाणं पोटात गेल्याशिवाय इन्सुलिन कसं द्यायचं, आणि नाही दिलं तर साखर वर जाणार, असा त्यांचा पेच. नवरा सीताबर्डीवरून त्यांच्या आवडीचा मऊ ढोकळा घेऊन आला, तो मीच खाल्ला. त्यांच्या चेहऱ्यावर मळमळल्याचं काहीच नव्हतं. पेजेच्या वाटीकडे त्या अशा बघत होत्या की भूक लागलीय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर खोलीत आनंदीआनंद. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, चहा घेऊन झाला होता, दुसरं बिस्किट हातात होतं. रात्री सोबतीला राहिलेला नवरा खुशीत होता, मळमळ गेली एकदाची, म्हणाला. मलाही इतकं हलकं वाटलं की मी त्यांचा हात हातात घेतला. हात गार होता. मग माझं लक्ष त्यांच्या वेणीकडे गेलं. वेणी अजून ओली होती, आणि पलंगाखाली पडलेल्या गाऊनमधून पाणी ठिपकत होतं.

नवरा बाकावर घोरत असताना त्या भिंत धरत न्हाणीघरात गेल्या होत्या. थंड पाण्याने, एका हाताने, सलाईनची सुई असलेला दुसरा हात वर धरून त्यांनी डोक्यावरून मग ओतले होते. मग परत येऊन अंग पुसून, कोरडा गाऊन चढवून, शहाण्या मुलीसारख्या बसल्या होत्या. गाऊनच्या आत पट्टी चिंब झाली होती.

डॉक्टर आले. त्यांनी हात धुतले, मोजे घातले आणि पट्टी काढली. जखमेची रेघ तशी नीट होती, पण खालचं टोक लाल दिसत होतं. त्यांनी बोटाने हलकेच दाबलं तर गढूळ पाण्यासारखा थेंब आला. सिस्टरने काही न विचारता ट्रे पुढे केला. त्यांनी टोकाचा एक टाका सैल केला, साफ केलं, कोरडी पट्टी लावायच्या आधी खिशातलं निळं पेन काढलं आणि जिथपर्यंत लाली होती त्याच्या जरासं बाहेरून कातडीवर चक्क रेघ ओढली.

“ही लाली रेघेच्या आत राहिली तर निभावलं,” ते म्हणाले. “बाहेर गेली तर मला जखम उघडावी लागेल. आणि परत ओली झाली तर मी काही सांगू शकत नाही.”

ते कोणावर रागावले नाहीत. मी रागावले. डॉक्टर गेल्यावर मी नवऱ्याला झाडलं आणि मग सासूबाईंकडे वळले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तुम्हाला जखम चिघळवून घ्यायचीय का, असं मी विचारलं, जरा जास्तच वरच्या पट्टीत. त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. दुपारचं जेवण आलं तेव्हा पुन्हा मान फिरवली, आणि त्या दिवसाची आंघोळ तर झालेली होती, म्हणजे हा राग होता. माझ्या ओरडण्याचा. त्याच्या दुसऱ्या सकाळी चहा आला आणि पुन्हा नाही म्हणाल्या, तेव्हा मात्र मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हळू आवाजात विचारलं.

“आंघोळ केली नाई ना वं,” त्या म्हणाल्या. “बिना आंघोळीची कशी पिऊ?”

मी सांगितलं की सिस्टर गरम पाण्याने अंग पुसून देतील, हातपाय धुतील, पावडर लावतील, दवाखान्यात यालाच आंघोळ म्हणतात. त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. ताट नुसतं पुसून ठेवलं तर तू त्याले घासलं म्हनशील का, असं त्यांनी विचारलं. सिस्टरनी पुसून दिलं तरी त्यांनी काही खाल्लं नाही. डॉक्टरांनी समजावलं, त्यांना ‘हो’ म्हणाल्या आणि तरी खाल्लं नाही. सलाईनमधून साखर द्यावी तर रक्तातली वाढते, न द्यावी तर अंगात काही नाही. नवऱ्याचे हात जोडून झाले. लाली त्या दिवशी रेघेला टेकली होती. पट्टी बदलताना मी ते पाहिलं. या बाईने बावीस वर्षं माझ्या चहावर सुस्कारे सोडलेत, पण माझ्या बाळंतपणात मालीश करून माझी कंबर हिनेच सरळ केली, आणि लेकीला कांजिण्या झाल्या तेव्हा माझी नोकरी जाऊ नये म्हणून चौदा दिवस हीच तिच्याजवळ बसली होती. मला त्या हव्या होत्या. एवढी साधी गोष्ट मला स्वतःलाही कधी सांगावीशी वाटली नव्हती.

दुपारी मावशी आल्या. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, मौद्याच्या पुढच्या गावात दिलेली. दारात मी बाटली पुढे केली तर त्यांनी मुकाट्याने हात चोळले आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा नीट चोळल्या, म्हणून त्या मला आवडल्या. पलंगाशेजारी स्टुलावर बसून त्यांनी बहिणीचा चेहरा बघितला, हात न लावलेला जेवणाचा डबा बघितला, आणि काय झालंय ते मला विचारलं. मी सगळं सांगितलं. मावशींना त्यात नवल असं काही वाटलं नाही. त्यांनी बहिणीलाच विचारलं.

“बाई, आपल्या मायसाठी तूच केली होती ना आंघोळ? मंग सूनबाईले काहून सांगत नाई?”

मग मावशींनीच मला सांगितलं. त्या दोघी फ्रॉकातल्या असताना त्यांची आई बाळंतपणानंतर तापाने फणफणली होती. अंगाला पाणी लावायचं नाही असं वैद्याने बजावलं, आणि आंघोळीशिवाय ती पेजेला तोंड लावेना. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी तोड काढली. आजारी माणसाच्या वाटची आंघोळ घरातल्या दुसऱ्या कोणी करायची, काही न खातापिता, आणि ओल्या अंगाने येऊन त्याला हात लावायचा. की त्याचीही झाली. थोरल्या मुलीने विहिरीवर पाणी घेतलं, कुडकुडत आत आली, आईला शिवली, परत गेली, परत पाणी घेतलं. म्हाताऱ्यांनी पुरे म्हणेपर्यंत. मग आई पेज प्यायली. ती थोरली मुलगी म्हणजे माझ्या सासूबाई.

मी त्यांच्याकडे वळून विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं तर मला का सांगितलं नाही.

“तुले कसं सांगू वं?” त्या छताकडे बघत म्हणाल्या. “तुले आधी चहा लागते.”

मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. म्हणजे ही बाई माझ्याकडून एक कप चहा सोडवून घ्यायला लाजत होती, आणि त्यापायी पोटाची जखम पिकायची वेळ आणली होती. उद्यापासून मी करते, मी म्हणाले. किती वेळा करायची तेवढं सांगा, असं विचारताना मात्र माझा आवाज जरा पडला, कारण पौषातली सकाळ होती आणि दवाखान्याचं सोलरचं पाणी दुपारपर्यंत तापत नाही हे मला ठाऊक होतं. मावशी बोटं मोजू लागल्या. सासूबाईंनी त्यांना थांबवलं.

“एक डाव पुरे. थंडी पाह्य कशी हाये. तू बिमार पडली त तुया वाटची कोन करन?”

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच घरून निघाले. न पिता. दवाखान्याच्या फाटकासमोर एक टपरी आहे, तिथे आल्याचा चहा उकळत होता आणि त्याचा वास रस्ताभर होता. मी तिथे क्षणभर उभी राहिले, हे कबूल. अर्धा कप घेतला असता तर कोणाला कळणार होतं? माझा त्या आंघोळीवर विश्वास होता का, असं कोणी विचारलं तर नव्हता. पण त्या चहा पितील यावर होता, आणि तो विश्वास खोटेपणाने मिळवायला मन धजेना. मी रस्ता ओलांडला.

खोलीच्या न्हाणीघरात मी दार लावून घेतलं आणि डोक्यावरून पहिला मग ओतला. श्वासच अडकला. नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल लोक खूप बोलतात, इथल्या जानेवारीच्या टाकीतल्या पाण्याबद्दल कोणी बोलत नाही. दुसऱ्या मगाला मी सासूबाईंना मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. तिसऱ्याला मला विहिरीवरची ती फ्रॉकातली मुलगी आठवली आणि मी गप्प झाले. केस घट्ट टॉवेलात बांधले, कपडे घातले, बाहेर येऊन हात कोरडे केले, जंतुनाशक चोळलं, ते सुकू दिलं. मग त्यांच्या कपाळाला हात लावला.

त्यांनी डोळे मिटले होते. माझ्या गार हाताखाली त्यांचं कपाळ गरम होतं. ओठ हलले, कुठल्या देवाचं नाव घेतलं ते कळलं नाही. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, आन आता चहा.

मी दोन कप आणले. त्या एक पीत होत्या, मी एक पीत होते, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी सकाळचा चहा कधी एकत्र घेतलाच नव्हता. मी घ्यायचे तेव्हा त्या देवापाशी असायच्या, त्या घ्यायच्या तेव्हा मी न्हाणीघरात. त्यांनी दोन बिस्किटं खाल्ली, सिस्टर इन्सुलिन देऊन गेल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच उपम्याचं विचारलं.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा माझ्या डोक्यावर टॉवेल होता. दवाखान्यात का आंघोळ केली म्हणून त्यांनी विचारलं. मी काही सांगायच्या आत सासूबाईंनीच सांगून टाकलं, अगदी अभिमानाने. मला वाटलं, आता हा शिकलेला माणूस हसणार. ते हसले नाहीत. रोज करा, म्हणाले. फक्त हात पुसून, औषध चोळून मगच शिवा, आणि केसांचं पाणी पलंगाजवळ गळू देऊ नका. मग पट्टीला हात घालण्याआधी बेसिनपाशी जाऊन स्वतःचे हात धुता धुता, पाठमोरे, ते म्हणाले,

“मी तरी काय करतो? पेशंट टेबलावर पडलेला असतो, त्याच्या वाटचे हात मीच धुतो.”

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही हे त्यांनीच त्यांना शिकवलं होतं. डॉक्टरांनी पट्टी काढली. लाली रेघेवरच होती, पुढे सरकली नव्हती. थेंब अजून येत होता. त्यांनी साफ केलं, कोरडी पट्टी लावली आणि उद्या पाहू म्हणाले.

उद्या, आणि परवा, आणि त्यानंतर. मी रोज न पिता यायचे, टपरीवरून नाक दाबून जायचे, गार पाण्याखाली उभी राहायचे आणि त्यांना शिवायचे. त्या खात होत्या, वॉर्डाच्या बोळातून पोटावर उशी धरून चालत होत्या, खोकला आला की दोन्ही हातांनी उशी दाबत होत्या. साखर हळूहळू ताळ्यावर आली. एका सकाळी पट्टी काढली तर लाली आणि निळी रेघ यांच्यामध्ये बोटभर गोरं कातडं दिसलं. डॉक्टरांनी ते सिस्टरना दाखवलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. नळ सोडला कारण खोलीत सगळं ऐकू जातं.

जखम उघडावी लागली नाही. टोकाची भेग भरायला जरा वेळ लागला, बाकीचे टाके कोरडे निघाले. घरी आल्यावरही काही दिवस पाणी लावायचं नव्हतं, म्हणून माझी ड्यूटी चालूच राहिली, फक्त आता गिझर होता आणि मी त्यात कसलीही काटकसर केली नाही. मग तपासायला गेलो त्या दिवशी डॉक्टरांनी जखमेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, उद्यापासून आंघोळ करा, चोळू नका, नीट टिपून कोरडं करा. सासूबाईंनी त्यांना वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला आणि त्यांनी तो पोटाच्या काळजीने मध्येच थांबवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने उठले. सवय इतकी लागली होती की पाय आधी न्हाणीघराकडेच वळले. दार बंद होतं, आत पाण्याचा आवाज चालला होता. बादलीत मग बुडत होता, डोक्यावरून पाणी पडत होतं, कितीतरी वेळ. त्या आत हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांना मी गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात आले. आता माझी मी मोकळी होते. आधण ठेवलं, आल्याचा तुकडा हातात घेतला, पण ठेचायला हात उचलेना. त्या बाहेर येतील, देवापाशी बसतील, आणि तो सुस्कारा येईल. इतक्या दिवसांनी तो ऐकायची माझी तयारी नव्हती. मी गॅस बंद केला. एवीतेवी इतके दिवस काढले, आणखी अर्ध्या तासाने काय मोठं बिघडणार होतं. नंबर लागला की आधी आंघोळ करून घेऊ, असं ठरवून मी ओट्याला टेकून उभी राहिले.

न्हाणीघराचं दार उघडलं. त्या देवाकडे गेल्याच नाहीत. ओल्या पावलांचे ठसे उमटवत, भिंत धरून सावकाश सरळ स्वयंपाकघरात आल्या. केसांतून पाणी गळत होतं, कपाळ लखलखीत. बंद गॅसकडे बघितलं, आधणाकडे बघितलं, माझ्या पारोशा अवताराकडे बघितलं. मग हात पदराला नीट पुसला, आणि तो गार, ओलसर हात माझ्या कपाळावर ठेवला.

“झाली तुयी आंघोळ,” त्या म्हणाल्या. “पी आता चहा.”

तेव्हापासून आमच्या घरी रोज असंच चालतं.